सोय दे कोल्हापूर

मराठी मुसलमानाच्या घरात मूल जन्माला येते तेव्हाच चार-पाच भाषा त्याच्या वाट्याला आलेल्या असतात. अम्मी ज्या बोलीत रागावते ती घरची दखनी, गल्लीत खेळताना तोंडात येते ती कोल्हापुरी मराठी, नमाजेसाठी अरबी, वाअज आणि लग्नपत्रिकेसाठी उर्दू, शाळेत हिंदी आणि इंग्रजी. बाहेरच्या माणसाला हे वैभव वाटेल, आणि ते आहेही. पण यातल्या प्रत्येक भाषेबरोबर एक परीक्षकही येतो, हे आपल्याला फार लवकर कळते. उर्दू वाचता आली नाही तर जमातीतले कुणी बुजुर्ग विचारतात, "मुसलमान के बच्चे को उर्दू नहीं आती?" अरबीतला एक 'ऐन' घशातून नीट निघाला नाही तर मौलवीसाहेब तिथेच थांबवतात. इंग्रजी आली नाही तर नोकरी अडते. आणि मराठी चांगली बोलली तर समोरचा माणूस कौतुकाने म्हणतो, "अरे वा, तुमचं मराठी फारच छान आहे हो!" तो बिचारा चांगल्या मनानेच म्हणतो. पण शेजारच्या कुलकर्ण्यांना किंवा पाटलांना हे वाक्य कुणी कधी ऐकवलेले नसते. मी कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात गेली बावीस वर्षे मराठी शिकवते. हे वाक्य किती वेळा ऐकले, ते मोजायचे मी केव्हाच सोडून दिले आहे.

म्हणून मला स्पॅनिशबद्दल लिहावेसे वाटते. मला आणि माझ्या काही विद्यार्थ्यांना आयुष्यात पहिल्यांदाच अशी भाषा भेटली, जिच्या दारात कुणी परीक्षक उभा नव्हता.

झाले असे की २०२३ च्या जूनमध्ये आमच्या शाळेने आठवी-नववीच्या मुलांसाठी दर शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, स्पॅनिशचा वर्ग सुरू करायचे ठरवले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक शाळेत शिकवता येतील अशा परकीय भाषांची जी नावे आहेत, त्यांत कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, पोर्तुगीज, रशियन यांच्या जोडीला स्पॅनिशही आहे. शिकवायला एक तरुण मुलगी मिळाली. ती पुण्यात स्पॅनिश शिकली होती आणि 'डेले' नावाची परीक्षा उत्तीर्ण झाली होती. कोल्हापूरला परकीय भाषा नव्या नाहीत. शिवाजी विद्यापीठात परकीय भाषांचा स्वतंत्र विभाग आहे, तिथे रशियन, जर्मन, जपानी शिकवतात. पण हायस्कुलाच्या बाकावर स्पॅनिश ही आमच्याकडे नवलाचीच गोष्ट होती. बाहेरची व्यक्ती वर्ग घेत असेल तर शाळेचा एक शिक्षक वर्गात बसलाच पाहिजे, असा आमच्याकडे नियम आहे. ते काम माझ्याकडे आले. बसायचेच आहे तर शिकूनच घेऊ, म्हणून मी दोनशे पानी वही घातली आणि मागच्या बाकावर बसले. वर्गात बावीस मुले होती, त्यांतली सहा आपली. तेविसावी विद्यार्थिनी मी, वय वर्षे सेहेचाळीस.

घरी ही बातमी सांगितली तेव्हा सासूबाई तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "अरबी छोड के ये कौनसी जबान सिकती गे तू? जन्नत में ये चलती क्या?" मी म्हणाले, "अम्मा, शाळेत चलती है." त्या हसल्या. पण त्यांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आपल्या समाजात शिकण्याच्या प्रत्येक गोष्टीला आधी हाच प्रश्न विचारला जातो: याचा दीनला उपयोग काय, आणि दीनला नसेल तर पोटाला काय? नुसते आवडते म्हणून काही शिकायचे, ही चैन आपल्या मुलांना, त्यातही मुलींना, फारशी परवडलेली नाही.

पहिला तास नावांचा. 'मे यामो' म्हणजे 'माझे नाव'. शिकवणाऱ्या मुलीला सगळ्यांनी 'प्रोफे' म्हणायचे असे ठरले. तिकडे शाळेतली मुले आपल्या शिक्षकाला तसेच हाक मारतात. प्रोफेने सांगितले की इंग्रजीसारखे 'ट' आणि 'ड' इथे विसरा; 'त' आणि 'द' म्हणा, जीभ दातांना लावा. मुलांना हायसे वाटले. इंग्रजी बोलताना ज्यांची जीभ जन्मभर घाबरलेली असते, त्या मुलांना कुणीतरी प्रथमच सांगत होते की तुमचा मराठी 'त' अगदी बरोबर आहे. लिहिले तसे वाचायचे, हेही आपल्यासारखेच. 'ह' लिहायचा पण उच्चारायचा नाही, एवढी एक खोड सोडली तर. आणि एक अक्षर असे, ज्याचा उच्चार घशातून 'ख़' असा करायचा. बाकीची मुले 'ख' आणि 'ह' यांच्यामध्ये अडखळत असताना आपली सहाही मुले तो पहिल्या फटक्यात काढून मोकळी झाली. रोज संध्याकाळी मदरशात जाऊन घासलेला गळा तो. प्रोफे म्हणाली, "मुय ब्येन!" म्हणजे फार छान. एकाने लगेच विचारले, "हा ख़ अरबीतून आला ना?" ती म्हणाली, "नाही, तो त्यांच्याच भाषेत पुढे बदलत बदलत तयार झाला." तिचे हे उत्तर मला आवडले. जे आहे ते आहे, जे नाही ते नाही.

तिसऱ्या शनिवारी 'असणे' हे क्रियापद आले आणि वर्ग खरा जमला. आपले मराठीत एका 'आहे'वर भागते. स्पॅनिशमध्ये त्यासाठी दोन क्रियापदे आहेत, 'सेर' आणि 'एस्तार'. माणसाची ओळख सांगायची तर 'सेर': नाव, गाव, व्यवसाय, धर्म. आत्ताची अवस्था किंवा ठिकाण सांगायचे तर 'एस्तार': ताप आहे, दमले आहे, पुण्यात आहे. म्हणजे 'मी पुण्यात आहे' हे 'एस्तोय', आणि 'मी कोल्हापूरची आहे' हे 'सोय'. 'सोय दे कोल्हापूर.' हे फळ्यावर आले तशी सगळी पोरे हसली. एक जण म्हणाला, "प्रोफे, कोल्हापूरला जायची सोय!" मग उदाहरणांची झुंबड उडाली. रंकाळा जागचा हलत नाही, तरी तो कोल्हापुरात आहे हे सांगायला 'एस्तार'च लागते. माणूस मेला आहे, हेही 'एस्तार'नेच सांगायचे. त्यावर एका मुलाने शंका काढली, "म्हणजे मेलेला माणूस परत बदलणार की काय?" मागून आपली एक मुलगी शांतपणे म्हणाली, "कयामतला उठणारच आहे की." प्रोफेसकट सगळा वर्ग हसला. व्याकरणाच्या तासाला इतके मनमोकळे हसू मी क्वचितच ऐकले आहे.

पण त्याच तासाला एक प्रश्नही शिकवला गेला: 'दे दोंदे एरेस?' तू कुठली? हा प्रश्न आपल्याला किती परिचयाचा आहे! काही वर्षांपूर्वी आम्ही भाड्याने घर शोधत होतो. एका घरमालकांनी खोल्या दाखवल्या, चहा दिला, मग नाव विचारले आणि त्यानंतर विचारले, "मूळचे कुठले?" माझे पती म्हणाले, "कोल्हापूरचेच." ते म्हणाले, "तसं नव्हे हो, मूळचे?" सात पिढ्या याच मातीत गाडल्या गेल्या, त्यांच्या कबरी इथेच आहेत, याहून मूळ आणखी कोणते दाखवायचे? ते घर आम्हाला मिळाले नाही. स्पॅनिशमध्ये भाड्याला 'आल्किलेर' म्हणतात, हे पुढे वर्गात आले. तो अरबी 'अल्-किरा'वरून आलेला, म्हणजे आपल्या घरात आपण ज्याला 'किराया' म्हणतो त्याचाच सख्खा भाऊ. तो शब्द वहीत लिहिताना मला ते घर आठवले.

त्या दिवशी मुलांना स्वतःविषयी पाच वाक्ये लिहायला सांगितली होती. त्या कयामतवाल्या मुलीची वही मी पाहिली. तिचे अब्बा शाहूपुरीत गॅरेज चालवतात. तिने लिहिले होते: 'सोय मुसुल्माना इ सोय दे कोल्हापूर.' मी मुसलमान आहे आणि मी कोल्हापूरची आहे. दोन्ही ठिकाणी तेच क्रियापद, ओळखीचे. मध्ये 'इ', म्हणजे 'आणि'. मी बराच वेळ त्या 'इ'कडे पाहत राहिले. आपल्याविषयी मराठीत जे काही बोलले जाते, त्यात या जागी बहुतेक वेळा 'पण' असतो. 'मुसलमान आहेत, पण मराठी छान बोलतात.' 'मुसलमान आहेत, पण घर स्वच्छ ठेवतात.' आपण स्वतःही नकळत तसेच बोलायला लागतो. त्या पोरीला 'पण'साठीचा शब्द अजून शिकवलेलाच नव्हता. ज्या भाषेत 'पण' शिकायच्या आधी 'आणि' शिकवतात, तिच्यात आपली ओळख करून देणे किती सोपे जाते!

पुढे 'आवडणे' आले. इंग्रजीत 'मी आवडवते' अशा थाटाची वाक्यरचना करावी लागते. स्पॅनिशमध्ये मात्र अगदी मराठीसारखे: 'मे गुस्ता' म्हणजे 'मला आवडतो'. चहा एक असेल तर 'गुस्ता', आंबे अनेक असतील तर 'गुस्तान'. मला चहा आवडतो, मला आंबे आवडतात. मी मराठीची शिक्षिका, मला राहवले नाही. उठून फळ्यावर दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी लिहिली आणि दाखवले की इथे कर्ता 'मी' नाही, चहा आहे. वर्षानुवर्षे हा मुद्दा मराठीच्या तासाला शिकवते. तो मुलांच्या डोक्यात त्या दिवशी शिरला. परकी भाषा शिकल्यावर स्वतःची भाषा नव्याने दिसते असे म्हणतात, त्याचा पुरावा समोर होता.

मग शब्दांचा खेळ सुरू झाला. दर शनिवारी मुले घरून शब्द शोधून आणू लागली. दाराला असते ती बिजागरी, स्पॅनिशमध्ये 'बिसाग्रा'. हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची बहीण. 'पागार' म्हणजे पैसे देणे, त्यावरून आपला 'पगार'. 'मेसा' म्हणजे मेज. दुसरीकडून अरबीचे धागे. 'आख़ेद्रेस' म्हणजे बुद्धिबळ: आपले चतुरंग, त्याचे शतरंज, आणि तेच पुढे स्पेनला पोचले. मशिदीला 'मेस्कीता', काझीवरून 'आल्काल्दे', ज्याचा अर्थ आज नगराध्यक्ष असा होतो. नाव न घेता कुणाविषयी बोलायचे तर आपण 'फलाणा' म्हणतो, तेही म्हणतात 'फुलानो'. या 'फुलानो'ने तर वर्गात धमाल उडवली. महिनाभर पोरे एकमेकांना त्याच नावाने हाका मारत होती. अरबीतून आलेले शब्द, त्यांच्यापासून पुढे तयार झालेले धरून, स्पॅनिशमध्ये चार हजारांच्या आसपास असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पण सगळीच देवाणघेवाण एका बाजूने नाही. साबण आणि कमीज हे शब्द लॅटिनकडून अरबीत गेलेले. भाषांच्या बाजारात कायमचा सावकार कुणीच नसतो, प्रत्येकाच्या वहीत उधारी असते.

आपल्या कोल्हापूरची साखर घ्या. संस्कृतातली शर्करा, तिची फारसीत शकर, अरबीत सुक्कर, आणि तिथून स्पॅनिशमध्ये 'आसूकार'. शब्दाबरोबर ऊसही गेला. अरबांनी तो दक्षिण स्पेनच्या किनाऱ्यावर लावला, आणि १४९३ साली कोलंबस दुसऱ्या सफरीला निघाला तेव्हा कॅनरी बेटांवरून तो अमेरिकेकडे घेऊन गेला. त्या बाजूने आपल्याकडे काय आले? मिरची. टोमॅटो. बटाटा. मेक्सिकोतल्या मूळ रहिवाशांचा 'तोमात्ल' स्पॅनिशमध्ये 'तोमाते' झाला आणि आपल्या मंडईत टोमॅटो. मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर उतरली. हे सांगितल्यावर वर्गातले दोघे-तिघे चक्क दुखावले. "मॅडम, म्हणजे तांबडा रस्सा आपला नाही?" मी म्हणाले, "आपलाच आहे. मिरची बाहेरून आली, रस्सा इथे झाला." हे वाक्य मी मिरचीविषयीच बोलले होते. मुलांनी ते कशाकशाला लावले असेल, कुणास ठाऊक.

याच सुमारास आपला एक मुलगा फार खूश होऊन माझ्याकडे आला. "मॅडम, स्पेन आपलं होतं. आठशे वर्षं." त्याने कुठेतरी व्हिडिओ पाहिला होता. त्याच्या डोळ्यांतली चमक मला समजत होती. शाळेतल्या इतिहासाच्या तासाला जो मुलगा खाली मान घालून बसतो, त्याला कुठेतरी मान वर करायला जागा हवी असते. पण मी त्याला विचारले, "आपलं म्हणजे कुणाचं? तुझे पणजोबा तिथे होते का?" तो गप्प झाला. त्याला नुसते गप्प करून भागणार नव्हते. म्हणून मी वाचत गेले, आणि जे वाचले ते थोडे थोडे करून त्याला आणि वर्गालाही सांगितले. त्याने पाहिलेल्या व्हिडिओत राजवाडे होते. मला हवी होती तिथली साधी माणसे, आपल्यासारखी.

७११ साली मुसलमान फौजा स्पेनमध्ये उतरल्या आणि १४९२ साली ग्रानाडाचे शेवटचे मुस्लिम राज्य संपले, हे सर्वांना ठाऊक असते. पण ख्रिस्ती राजांच्या मुलखात त्याआधीपासूनच हजारो मुसलमान पिढ्यान् पिढ्या राहत होते. ते सुतार होते, गवंडी होते, शेतकरी होते. कास्तीयच्या मुलखातले मुसलमान केव्हाच अरबी विसरले होते आणि शेजाऱ्यांसारखीच स्पॅनिश बोलत होते. सेगोव्हिया शहरात ईसा नावाचे एक मुफ्ती होऊन गेले. आपल्या लोकांना अरबी कळत नाही, तर दीन त्यांना कळेल अशा भाषेत सांगितला पाहिजे, या विचाराने त्यांनी १४६२ साली इस्लामच्या आचारधर्मावर स्पॅनिशमध्ये ग्रंथ लिहिला. त्याआधी कुरआनच्या स्पॅनिश भाषांतरातही त्यांचा हात होता. पुढे कित्येकांनी स्पॅनिशच लिहिली, पण अरबी लिपीत. अशा लिखाणाला 'आल्ख़ामियादो' म्हणतात. भाषा शेजाऱ्यांची, अक्षरे कुरआनची. आपल्यापैकी कुणाच्या आजीने दुआ मराठी अक्षरांत लिहून पाठ केली असेल, तर तिला हे लगेच समजेल. तिचे झाले ते बरोबर उलटे.

१५०० च्या सुमारास या लोकांना बाप्तिस्मा घ्या किंवा देश सोडा असे सांगण्यात आले. १५६७ साली राजा दुसरा फेलिपे याने ग्रानाडात अरबी बोलणे, लिहिणे, जुना पोशाख, जुनी नावे या सगळ्यांवर बंदी घातली. तीन वर्षांत सर्वांनी कास्तीयची भाषा शिकावी, असा हुकूम होता. तेव्हा फ्रान्सिस्को नून्येस मुलेय नावाच्या एका वृद्ध गृहस्थाने दरबारात अर्ज केला. त्याचा मुद्दा साधा होता. पोशाख आणि भाषा मुलखाची असते, धर्माची नसते. पूर्वेकडचे ख्रिस्ती अरबी बोलतात, माल्टाचे ख्रिस्तीही तशीच भाषा बोलतात, म्हणून ते ख्रिस्ती नाहीत असे कुणी म्हणते का? त्याचे कुणी ऐकले नाही. पुढच्याच वर्षी डोंगरात बंड झाले, ते चिरडले गेले, आणि १६०९ ते १६१४ या काळात सुमारे तीन लाख माणसांना देशाबाहेर घालवण्यात आले. त्यांत अनेक जण असे होते, ज्यांना स्पॅनिशखेरीज दुसरी भाषाच येत नव्हती. भाषा शिकल्यावर आपलेपणा मिळेल, असे सांगणाऱ्यांनी भाषा आलेल्यांनाही ठेवले नाही.

वर्ग शांत झाला होता. "मग ते गेले कुठे?" एका मुलीने विचारले. बरेचसे उत्तर आफ्रिकेत गेले. ट्युनिशियात तेस्तूर नावाचे गाव त्यांनीच वसवले. तिथे मुसलमानांमध्ये आले, पण तिथल्या लोकांच्या लेखी ते 'अंदलुसी'च होते, आणि काही पिढ्या घरात स्पॅनिशच बोलत राहिले. म्हणजे इथेही मूळचे कुठले, आणि तिथेही मूळचे कुठले. सेर्व्हान्तेसच्या 'दोन किख़ोते'च्या १६१५ साली आलेल्या दुसऱ्या भागात रिकोते नावाचा असाच एक दुकानदार आहे. देशोधडीला लागलेला हा माणूस यात्रेकरूचा वेष घेऊन गुपचूप आपल्या गावी परत येतो. वाटेत जुना शेजारी सान्चो भेटतो. दोघे एकत्र बसून खातात-पितात, आणि रिकोते सांगतो की कुठेही गेलो तरी स्पेनसाठीच जीव तुटतो, कारण जन्म तिथला आहे. सान्चो त्याला पकडून देत नाही. स्पॅनिशमधले सर्वांत मोठे पुस्तक, आणि त्यात हे पान आहे. राजाचा हुकूम इतिहासात राहिला, तसा हा शेजारीही साहित्यात राहिला.

१८८४ साली स्पेनमधल्या आल्मोनासिद दे ला सिएर्रा या गावात एक जुने घर पाडताना खोट्या जमिनीखाली दडवलेल्या हस्तलिखितांचा साठा सापडला. अरबी अक्षरे, आतली भाषा स्पॅनिश. जाणाऱ्यांनी ते बहुधा परत येऊन काढू, या आशेनेच तिथे ठेवले असावे.

हे सगळे मी मुलांना भीती घालायला सांगितले नाही. आपले आणि त्यांचे सारखे नाही. आपल्याकडे संविधान आहे. आणि या गावापुरते बोलायचे तर आपल्याकडे राजर्षी शाहू महाराज होऊन गेले. १९०६ साली त्यांनी मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी मोहामेडन एज्युकेशन सोसायटी काढली, तिचे अध्यक्षपद स्वतः घेतले, वसतिगृह उभे केले. कुरआन मराठीत यावा म्हणून पैसाही दिला. सेगोव्हियाच्या मुफ्तींना जे करावेसे वाटले, तेच साडेचारशे वर्षांनी कोल्हापूरच्या हिंदू राजाला करावेसे वाटले: धर्म माणसाला त्याच्या भाषेत कळावा. याच गावात राजाराम कॉलेजात माधव ज्युलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, फारसी शिकवत. १९२५ साली त्यांचा फारसी-मराठी कोश आला. हेच गृहस्थ पुढे भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले, हा आणखी एक गंमतीचा भाग. पण एका मराठी ब्राह्मणाने फारसीवर जीव लावला, आणि 'तुमचं फारसी फार छान आहे हो' असे म्हणून कुणी त्याच्याकडे मूळ गावाचा दाखला मागितला नसणार. भाषेवर असे प्रेम करायची मोकळीक आपल्याही मुलांना हवी. यापेक्षा जास्त काही माझे मागणे नाही.

२०२५ साली पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला. एप्रिलमध्ये निघालेला हिंदीचा निर्णय जूनअखेर मागे घेतला गेला. त्या वादात कोण बरोबर, हा वेगळा विषय. मला एवढेच जाणवले की भाषेविषयी आपण बोलतो ते नेहमी सक्तीच्या किंवा निष्ठेच्या शब्दांत. कुणी कुतूहलाच्या शब्दांत बोलतच नाही. आपल्या समाजातही उर्दू विरुद्ध मराठी हा वाद आपण किती वर्षे घालत बसलो! उर्दू शिकणारा मागासलेला नसतो आणि मराठीत लिहिणारा बेदीन नसतो, हे एकमेकांना पटवण्यात एक पिढी गेली.

सासूबाईंना मी एक शब्द मात्र मुद्दाम सांगितला. 'ओख़ाला'. अमुक होवो, अशी मनापासून इच्छा करताना स्पॅनिश माणूस हा शब्द वापरतो. तो 'अल्लाहची मर्जी असेल तर' अशा अर्थाच्या अरबी बोलातून आलेला आहे. ज्यांनी तो बोल त्या देशात नेला त्यांना हाकलून चारशे वर्षे झाली. आज जगातले सुमारे ५० कोटी लोक ज्यांची ही मातृभाषा आहे, ते पाऊस पडो, गाडी मिळो, पोरगा पास होवो, म्हणून सहज 'ओख़ाला' म्हणतात. सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "उन्हों को मालूम हय क्या, वो क्या बोलते?" मी म्हणाले, "बहुतेकांना नसेल." त्या म्हणाल्या, "बोलने दे. अल्ला कू तो मालूम हय."

आमचा वर्ग दोन वर्षे चालला. तिसऱ्या वर्षी पुरेशी मुले झाली नाहीत. पालकांचे म्हणणे असे की दहावीच्या तोंडावर याचा उपयोग काय. प्रोफेला पुण्यात चांगली नोकरी मिळाली. कुणाला दोष देण्यासारखे त्यात काही नाही. बावीसपैकी चार-पाच मुले अजून फोनवर धडे ऐकत थोडे थोडे पुढे जात आहेत, मीही जाते आहे. भूतकाळाची रूपे अजून गोंधळात टाकतात.

ती गॅरेजवाल्यांची मुलगी आता अकरावीत आहे. मागच्या महिन्यात ती घरी आली, तेव्हा तिच्याजवळ प्लॅस्टिकच्या पिशवीत एक जुना कागद होता. पणजोबांच्या पेटीत सापडलेला. अक्षरे मोडी. घरात कुणालाच वाचता येत नाही. एका जाणत्या माणसाने त्यातल्या चार ओळी वाचून दाखवल्या, तर भाषा मराठी आणि निम्मे शब्द फारसी-अरबी. तिने मला विचारले, "मॅडम, हे पण त्या आल्ख़ामियादोसारखंच झालं ना?" मग म्हणाली, "मला मोडी शिकायचीय. अब्बा विचारतात, त्याचा उपयोग काय." मी तिला सांगितले की कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात असे मोडी कागद ढिगांनी पडून आहेत, आणि वाचणारी माणसे थोडी. ते तिने अब्बांना सांगावे. खरे म्हणजे उपयोग नसता, तरी मी तिला शिक म्हणूनच सांगितले असते.